तात्याच्या ओट्यावरचा वजनकाटा

मंजुळाताई कोणाच्याही घरात शिरल्या की आधी भिंतीला हात लावायच्या. बसा म्हटलं तरी बसायच्या नाहीत, पाणी पुढे केलं तरी घ्यायच्या नाहीत. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा उजवा तळवा भिंतीवर ठेवायच्या आणि पाच-दहा श्वास तशाच उभ्या राहायच्या. मग तळव्याचा वास घ्यायच्या. त्यानंतर घरातलं पोर जवळ ओढून त्याच्या केसांचा वास घ्यायच्या. दोन्ही वास जुळले की पदराला हात पुसत म्हणायच्या, "भिंत लागली याला."

अंगणवाडीच्या ताई होत्या त्या. त्या हे कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकल्या नव्हत्या. पेठकडच्या डोंगरातल्या पाड्यावरून लग्न होऊन नाशकात आल्या, तेव्हापासून सिमेंटच्या भिंतींवर त्यांचा विश्वासच नव्हता. "आमचं घर कुडाचं," त्या सांगायच्या. "कारवीच्या काड्या, वरून शेणमाती. वारा विचारून येत नाय, विचारून जात नाय. इथं वाऱ्याला पण भाडं पडतं."

मी माणसं भावावरून ओळखतो. पाडलेल्या घरांची दारं, खिडक्या, चौकटी, पत्रे घ्यायचे आणि विकायचे, हा माझा धंदा. येवल्याकडून आलो तेव्हा एक भाड्याची हातगाडी होती, आज पेठ रोडला माझी वखार आहे. समोरचा किती खाली उतरेल हे त्याने तोंड उघडायच्या आत मला कळतं. मी चिडतो लवकर, पण सौद्यात नाही, सौदा संपल्यावर. अशा मला भावात गप्प करणारं माणूस आयुष्यात एकच भेटलं, ते म्हणजे मंजुळाताई. तात्यानेही मला एकदा फसवलं, पण तेव्हा मला वाटलं होतं की मीच जिंकलो.

तात्या म्हणजे आमचे घरमालक. अंबडला कारखाने आले तेव्हा ज्यांच्या जमिनींना सोनं लागलं त्यांच्यातले एक. बरीचशी जमीन विकली, उरलेल्या तुकड्यावर पुढे बंगला बांधला, बंगल्याला रुंद ओटा, ओट्यावर झोपाळा. मागे सात खोल्यांची एक रांग काढली. खोल्यांच्या पाठीमागे दोन हातांची बोळ आणि बोळीपलीकडे गोठा. गोठ्यात पाच मुऱ्हा म्हशी. गोठा चारी बाजूंनी उघडा, वर उंच पत्रा, दोन पंखे. जनावरांच्या डॉक्टरने सांगितलं होतं की म्हशींना मोकळी हवा नसेल तर दूध आटतं. आमच्या सात खोल्यांना मात्र पुढचं एक दार सोडलं तर हवेला वाट नव्हती. मागची भिंत सलग. पत्रा आणि भिंतीमधली फटसुद्धा उंदीर येतात म्हणून सिमेंटने बुजवलेली.

मी खोली बघायला गेलो तो दिवस मला स्पष्ट आठवतो. सहा नंबरची खोली. खिडकी नाही आणि मागच्या भिंतीला ओल आहे, हे मला पहिल्या नजरेत दिसलं. वाईट वाटण्याऐवजी मला आनंद झाला, कारण भाव पाडायला कारण सापडलं.

"तात्या, ही काय खोली आहे का? खिडकी कुठंय? भिंत बघा, कमरेपर्यंत ओली."

"पावसाळ्यात व्हती ओली. उन्हाळ्यात सुकती."

"मग उन्हाळ्याचं भाडं वेगळं आणि पावसाळ्याचं वेगळं घ्या."

तात्या हसले. अर्ध्या तासात मी त्यांना दोन पायऱ्या खाली आणलं. माझी बायको संगीता तेजूला कडेवर घेऊन उभी होती, तिला मी डोळ्याने खूण केली की जमलं. अंगणवाडी एक नंबरच्या खोलीत भरायची. तिथून मंजुळाताई हातात खिचडीचा डाव घेऊन आल्या, न विचारता आत शिरल्या, भिंतीवर तळवा ठेवला.

"भाव चांगला केला, भाऊ," त्या म्हणाल्या.

"करावाच लागतो."

"पोरगी केवढी?"

"तीनची होईल."

"तिला विचारलं का?"

माझं डोकं फिरलं. अनोळखी बाई, हातात डाव, आणि मला शिकवते. मी म्हणालो, "ताई, भाडं तुम्ही भरणार आहात का?"

"मी नाय," त्या शांतपणे म्हणाल्या. "ती भरंल."

तेजूच्या डोक्याला हात लावून त्या निघून गेल्या. मी संगीताला म्हणालो, वेडी बाई दिसते. आजही ते वाक्य आठवलं की मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. पण आधी तात्याच्या.

ताईंची उंची बेताची, अंग काटक, चाल भराभर. पोरांना कधी मारलं नाही, कधी आवाज चढवला नाही. मोठ्यांवरही चढवला नाही. त्यांचा राग वेगळ्या जातीचा होता. माझा राग म्हणजे रॉकेल, भडकतो आणि विझतो. त्यांचा राग तुसाच्या शेगडीसारखा, वरून राख आणि आत दिवसभर धग. त्या कोणाचं काही विसरायच्या नाहीत, आणि परतफेड करायच्या ती पाहुणचार करून.

एकदा अंगणवाडीचा शिधा पोचवणाऱ्या माणसाने किडलेली डाळ आणून टाकली. आयांनी गलका केला. ताई म्हणाल्या, "असू दे, गरिबाच्या हातून चुकतं." तो पुढच्या वेळी आला तेव्हा त्यांनी त्याला पाट मांडला, पितळी ताट काढलं, त्याच डाळीची खिचडी वाढली. वरून तेल, बाजूला कांदा, हिरवी मिरची. पंचवीस पोरं आणि दहा-बारा आया समोर बसलेल्या.

"बसा भाऊ. आमच्याकडं पाहुणा जेवल्याबिगर पोरं जेवत नायत."

त्याने ताटात बघितलं. किडे शिजून वर आले होते. तो म्हणाला, "ताई, आज उपास आहे."

"कुठला?"

त्याला वार सांगता येईना. ताई पदर खोचून शेजारी बसल्या आणि वारा घालू लागल्या. म्हणाल्या, "सावकाश होऊ द्या. आम्हाला घाई नाय." चार घास खाल्ल्याशिवाय तो उठू शकला नाही. त्यानंतर आमच्या अंगणवाडीची डाळ निवडावी लागली नाही.

ओट्यावरच्या वजनाची गोष्ट मात्र तात्याने स्वतःच्या हौसेने ओढवून घेतली. दर महिन्याला अंगणवाडीत पोरांची वजनं घ्यायची असतात. तेव्हा टांगायचा काटा होता, त्याला कापडाची चड्डीवजा झोळी. झोळीत पोर घालायचं, सुई ठरेपर्यंत थांबायचं, आकडा वाचायचा, आणि तक्त्यावर ठिपका द्यायचा, वजन चांगलं तर हिरव्या पट्ट्यात, कमी तर पिवळ्यात, फारच कमी तर लाल पट्ट्यात. एक नंबरच्या खोलीत काटा टांगायला जागा नव्हती, पत्र्याच्या पाइपाला पोराचा भार नको म्हणून. तात्याच्या डोक्यात तेव्हा नगरसेवक व्हायचं वारं होतं. ते म्हणाले, "बाई, माझ्या ओट्यावर या की. झोपाळ्याची कडी हाय, हत्ती टांगला तरी हलणार नाय." झोपाळा काढून ठेवायचा, त्या जागी काटा. तात्या खुर्ची टाकून बसायचे, फोटो निघायचे. त्यांचा नातू शौर्यसुद्धा वजनाला यायचा, कारण पाच-सहा वर्षांखालचं प्रत्येक पोर ताईंच्या वहीत असायचं, बंगल्यातलं असो की खोलीतलं. त्यांची सून पल्लवी त्याला नवे कपडे घालून आणायची.

ताई नावं घ्यायच्या वयाप्रमाणे, आणि आधी पत्ता सांगायच्या. रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात.

"बंगला. शौर्य. तेरा किलो आठशे. हिरवा."

"खोली नंबर चार. ओंकार. दहा किलो दोनशे. पिवळा."

"खोली नंबर सहा. तेजश्री. दहा किलो सहाशे. पिवळा."

ही तिन्ही पोरं महिन्या-दीड महिन्याच्या अंतराने जन्मलेली, त्यामुळे एकामागोमाग एक यायची. तात्याच्या ओट्यावर चहाला आलेली मंडळी ऐकायची. महिन्यामागून महिने बंगला हिरवा आणि खोल्या पिवळ्या. एकदा कोणीतरी पाहुण्याने विचारलंच, "तात्या, एकाच आवारात एवढा फरक कसा?" तात्या म्हणाले, "आई-बाप खायला घालत नाहीत, दारू पितात." मी तिथेच उभा होतो. मी दारूला हात लावत नाही. मी पुढे सरकलो तर ताईंनी माझ्या मनगटाला धरलं आणि तेजूची झोळी माझ्या हातात दिली. "धर. पोरगी पडंल."

त्या पावसाळ्यात आमच्या खोलीची भिंत छातीपर्यंत भिजली. कपडे दोरीवर आठ-आठ दिवस वाळेनात, गोधडीला काळे ठिपके धरले. दाराशी पाणी साचायचं म्हणून दार लावून आत स्टोव्ह पेटवायचा. तेजूची छाती सुईसुई वाजायला लागली. संगीता तिला मांडीवर उभी धरून बसायची, कारण आडवं केलं की तिचा श्वास अडकायचा. दर आठवड्याला दवाखाना, दर आठवड्याला बाटली. डॉक्टर म्हणायचे ओलीपासून दूर ठेवा. मी मनात म्हणायचो, कुठे ठेवू, हातगाडीवर?

ताई तात्याकडे गेल्या. सरळ मागणी केली, मागच्या भिंतीला खिडक्या पाडा. तात्याचं उत्तर सगळ्या चाळीला पाठ आहे.

"बाई, मागं गोठा हाय. ह्यांच्या स्टोव्हचा धूर माझ्या म्हशींना लागंल."

मी तेव्हा खिडक्या विकत होतो. माझ्या हातगाडीवर खिडक्या असायच्या आणि माझी पोरगी बिनखिडकीच्या खोलीत धापा टाकत होती. मी तात्याला म्हणालो, माझ्या खर्चाने लावतो. ते म्हणाले, "भिंतीला छिन्नी लावलीस तर त्याच दिवशी सामान बाहेर." आणि मी गप्प बसलो. दुसरीकडे एवढ्या भाड्यात खोली नव्हती. माझाच भाव माझ्या गळ्यात आला होता.

श्रावणात चार नंबरचा ओंकार गेला. त्याचे आई-बाप सुरगाण्याकडून द्राक्षांच्या कामाला आलेले, मग इथेच कंपनीत हेल्पर म्हणून चिकटलेले. पोराला तीन दिवस ताप, चौथ्या दिवशी छाती आत ओढायला लागली. ताईंनीच रिक्षा बोलावली, मांडीवर घेऊन मोठ्या दवाखान्यात नेलं. न्यूमोनिया. संध्याकाळी परत आल्या तेव्हा पोर त्याच्या बापाच्या खांद्यावर झाकलेलं होतं. आठ दिवसांनी त्या दोघांनी भांडी बांधली आणि गावी निघून गेले. तात्याने खोलीला चुना मारला आणि दुसरं बिऱ्हाड घातलं.

पुढच्या महिन्यात ओट्यावर वजनं झाली. मंडळी जमली होती, तात्या खुर्चीवर.

"बंगला. शौर्य. चौदा किलो दोनशे. हिरवा."

पल्लवीने मुलाला झोळीतून काढलं. ताईंनी रिकामी झोळी नीट केली.

"खोली नंबर चार. ओंकार."

आणि थांबल्या. सुई ठरेपर्यंत थांबायच्या तेवढ्याच थांबल्या. रिकामी झोळी वाऱ्यावर हलत होती. मग त्या पुढे गेल्या, "खोली नंबर सहा. तेजश्री."

तात्याने नंतर विचारलं, "बाई, ते पोर गेलं. वहीतून नाव काढलं नाय का?"

"वहीतून काढलं, तात्या. तोंडातून निघत नाय."

दुसऱ्या महिन्यात तेच. तिसऱ्या महिन्यात तेच. शौर्यच्या नावानंतर लगेच, एका श्वासाच्या अंतराने, मेलेल्या मुलाचं नाव. आमच्याकडे गेलेल्या लेकराचं नाव जित्या लेकराच्या मागोमाग उंबऱ्यात घेत नाहीत. घेतलं तर काय होतं हे कोणी बोलूनसुद्धा दाखवत नाही. ताईंचा स्वतःचा यावर विश्वास नव्हता. दृष्ट काढणाऱ्या आयांना त्या म्हणायच्या, मीठ-मोहरी जाळण्यापेक्षा दार उघडा. पण बंगल्यातल्यांचा विश्वास आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्यांनी बरोबर तिथेच बोट ठेवलं होतं. चांगलं का वाईट ते वाचणाऱ्याने ठरवावं. मला तेव्हा बरं वाटलं होतं, आजही वाटतं.

चौथ्या महिन्यात पल्लवीने शौर्यला झोळीत घालू दिलं नाही. छातीशी धरून उभी राहिली.

"ताई, हात जोडते. माझ्या लेकराच्या पाठोपाठ ते नाव घेऊ नका हो."

"वहिनी, मी वयाप्रमाणं घेते. वय कसं बदलू?"

तात्या खुर्चीवरून उठले. "पुरे झालं. आजपासून ओटा बंद. काढा काटा."

"बरं," ताई म्हणाल्या आणि काटा सोडायला लागल्या.

पल्लवीच सासऱ्यावर उसळली. "ओटा बंद केला म्हणून नाव बंद होणार आहे का, बाबा? त्या रस्त्यावर उभ्या राहून घेतील! रोज घेतील! त्यांना काय पाहिजे ते देऊन टाका, नाहीतर मी याला घेऊन माहेरी जाते."

तात्याने आजूबाजूला बघितलं. आठ-दहा माणसं उभी होती, त्यात उद्या मतं मागायची अशी चार. आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, काय पायजे तुम्हाला?"

आणि ताई बोलल्या नाहीत. मी आयुष्यभर सौदे केलेत, मला माहीत आहे की अशा वेळी जो आधी आकडा बोलतो तो हरतो. पण माझ्याच्याने तसं गप्प राहणं कधी जमलं नाही. ताई झोळीची घडी करत राहिल्या.

"अंगणवाडीच्या खोलीचं भाडं घेत नाय," तात्या म्हणाले.

झोळीची दुसरी घडी.

"अंगणवाडीला एक खिडकी पाडून देतो."

तिसरी घडी. ताईंनी ती पिशवीत ठेवली.

"दोन खोल्यांना पाडतो. आता बास."

ताईंनी पिशवी खांद्याला लावली आणि पायरी उतरल्या. तात्या मागून ओरडले, "अहो, बोला की काहीतरी!"

तेव्हा त्या वळल्या. "सात खोल्या, सात खिडक्या. वर पत्र्याखाली हातभर जाळी. पुढच्या वजनाच्या आत."

"आणि म्हशी?"

"म्हशींना मी समजावते."

लोक हसले. तात्या हसले नाहीत. "मग नाव घेणार नाय ना?"

"खिडक्या भिंतीत हाईत तोवर घेणार नाय," ताई म्हणाल्या. "शब्द."

एवढं सगळं त्यांनी मिळवलं, आणि मी ते घालवत होतो. कारण सात जुन्या खिडक्यांसाठी तात्याचा माणूस माझ्याकडेच आला. मी आधी तिप्पट भाव सांगितला. मग तोही द्यायला तो तयार झाला तेव्हा मला आणखी राग आला. म्हणालो, "तात्याला सांग, गोठ्याचे कठडे काढून लाव. माझा माल त्याला मिळणार नाही." आसपासच्या चार धंदेवाल्यांनाही सांगून ठेवलं की त्याला देऊ नका. पंधरा दिवस गेले. तात्या खुशीत सगळ्यांना सांगत फिरू लागले, "मी तयार हाय हो, मालच मिळत नाय, मी काय करू?"

ताई माझ्या हातगाडीपाशी आल्या. भर दुपारी, डोक्यावर पदर, पाय धुळीने भरलेले.

"भाऊ, तुला तात्याची जिरवायचीय का तेजूला श्वास पायजे?"

"दोन्ही पाहिजे."

"एका वेळी एकच मिळतं. आधी तिचं घे. तात्या कुठं पळून चाललाय?"

"ताई, त्याने माझ्या पोरीचं वाटोळं केलं. मी त्याला..."

"राग ठेवून दिला तर नासत नाय," त्या म्हणाल्या. "पोर नासतं."

मी त्याच दिवशी जुन्या शाळेच्या पाडकामातल्या सात सागवानी खिडक्या काढल्या, लोखंडी गजाच्या, उत्तम. तात्याने जे दिलं ते न मोजता खिशात घातलं. भिंतीही मीच फोडल्या. पहिला घण सहा नंबरच्या भिंतीत घातला तेव्हा सिमेंटच्या मागून ओली माती भसकन बाहेर आली, आणि बोळीतून वारा आत शिरला. शेणाचा वास होता त्याला. तेजू टाळ्या वाजवत होती, म्हैस दिसते म्हणून.

चार नंबरची खिडकी बसवताना ताई आत येऊन उभ्या राहिल्या. तळवा भिंतीवर. मग म्हणाल्या, "ही खोली मीच दाखवली होती त्यांना. माझ्या डोंगरातली माणसं. पक्कं घर हाय, म्हटलं, पोर कोरडं राहील." मी गवंड्याला उगाचच खेकसलो.

तात्या पुढे निवडणुकीला उभे राहिले आणि निवडूनही आले. त्यांच्या पत्रकावर आमच्या खोल्यांचा फोटो होता, 'गोरगरिबांच्या मुलांसाठी हवेशीर घरे'. बाजूला ओट्यावरच्या काट्याचा फोटो, त्यातून ताईंना कापलेलं, फक्त त्यांचा हात दिसत होता. मी रागारागाने ते पत्रक घेऊन तडक ताईंकडे गेलो. त्या वाचून खदखदून हसल्या.

"बरं झालं. छापून आलं. आता त्याला खिडक्या बुजवता येणार नायत."

तेजूची छाती उन्हाळ्यापर्यंत बरीच सुधारली, पण पूर्ण कधीच सुधारली नाही. आज ती एकवीस वर्षांची आहे. पर्समध्ये दम्याचा पंप घेऊन फिरते. पोलीस व्हायचं तिच्या डोक्यात सातवीपासून होतं. लेखीची तयारी अशी, की शेजारची पोरं तिच्याकडे शिकायला यायची. मैदानी चाचणीत धावताना शेवटच्या फेरीत ती खाली बसली. घरी आली, बूट काढले, आणि ते माझ्या वखारीतल्या भंगाराच्या ढिगावर टाकले. मला काही म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं. मंजुळाताईंचे शब्द मला तेव्हा ऐकू आले, ती भरंल.

म्हणून गेल्या वर्षी तात्याच्या मुलांनी ती जागा बिल्डरला द्यायचं ठरवलं आणि खोल्या पाडायच्या निघाल्या, तेव्हा ते काम मी घेतलं. कोणाला परवडणार नाही अशा भावात घेतलं. लोक म्हणाले, याचं डोकं फिरलं. आयुष्यात मी एकच सौदा तोट्यात केला, आणि तो मला सगळ्यात गोड लागला. भाडेकरू महिनाभर आधीच निघून गेले होते. मी ताईंना फोन केला. त्या केव्हाच निवृत्त होऊन पाड्यावर राहायला गेल्या होत्या. म्हणालो, "ताई, बघायला या."

सकाळच्या जीपने आल्या. केस पांढरे, चाल तीच. गोठा आता नव्हता, म्हशीही नव्हत्या. मला वाटलं होतं त्या खूष होतील. त्यांनी आधी विचारलं, "इथली पोरं कुठं गेली?" मला माहीत नव्हतं. मग त्या कोपऱ्यात दगडावर बसून माझी माणसं चौकटी काढताना बघत राहिल्या. एकेक खिडकी टेम्पोत चढली की बोटाचं एक पेर मोजायच्या. सातवी चढली आणि त्या उठल्या.

"तात्या घरात हाय का?"

"आहे. अंथरुणावर. फुप्फुस गेलंय म्हणतात."

"चल."

पल्लवीने दार उघडलं, ताईंना बघून तिचा चेहरा पडला, पण ती पाया पडली. आतल्या खोलीत तात्या तीन उशांना टेकून बसले होते, नाकात नळी, बाजूला ऑक्सिजनचं यंत्र. ताईंनी सवयीने भिंतीला हात लावला. कोरडी होती.

"बाई... बसा," तात्या म्हणाले. एकेका शब्दानंतर त्यांना श्वास घ्यावा लागत होता.

"बसत नाय. तात्या, खिडक्या निघाल्या. सातही."

"पोरांनी... विकलं. मी काय..."

"मी दिलेला शब्द खिडक्या भिंतीत हाईत तोवरचा होता."

पल्लवी म्हणाली, "ताई, नको." ताईंनी तिच्याकडे बघितलंही नाही. सतरा वर्षांपूर्वीचा ओट्यावरचा आवाज होता तो, रस्त्यापर्यंत जाणारा.

"खोली नंबर चार. ओंकार."

आणि थांबल्या. यंत्राचा आवाज तेवढा चालू होता. तात्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. ताई तशाच उभ्या होत्या, सुई ठरेपर्यंत. मग माझ्याकडे वळल्या.

"पुढचं तू घे."

सतरा वर्षं मी तात्याला काय काय बोलायचं ते तयार करून ठेवलं होतं. शिव्या होत्या, शाप होते, एक-दोन तर पाठच केले होते. त्यातलं एकही तोंडात आलं नाही.

"खोली नंबर सहा," मी म्हणालो. "तेजश्री. पळता येत नाही."

तात्याची पाठ हलली. आम्ही बाहेर आलो.

ओट्यावर ताईंनी चपला घातल्या. झोपाळा नव्हता, पण वर कडी तशीच होती. त्यांनी टाचा उंचावून तिला बोट लावलं आणि बोटाकडे बघितलं, गंज लागलाय का म्हणून.

"ही पण काढून घे," म्हणाल्या. "चांगलं लोखंड हाय. इथं काय ठेवू नको."

मी गाडीने सोडतो म्हणालो तर नको म्हणाल्या. रस्त्याला पेठची जीप उभी होती, आधीच भरलेली. त्या मागच्या फळीवर तीन बायकांच्या मध्ये घुसल्या. एका बाईच्या मांडीवर खोकणारं पोर होतं. जीप हलली तेव्हा ताईंनी ते पोर स्वतःकडे ओढून घेतलं होतं आणि त्याच्या केसांत नाक खुपसलं होतं.